‘जय भीम’ ही पावती नव्हे

आम्ही चौघांनी पैसे गोळा करून जुनी गाडी घेतली. ती खोटे सांगून विकलेली निघाली. आणि विकणारा आपल्याच समाजाचा होता.

पहिल्या दोन गोष्टींसाठी लेख लिहिण्याची गरज नव्हती. जुन्या गाडीत फसलेला माणूस प्रत्येक गल्लीत एक तरी सापडतो. लिहावे लागते आहे ते तिसऱ्या गोष्टीमुळे. गेली दीड-पावणेदोन वर्षे विहारात, जयंतीच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत आणि व्हॉट्सअॅपच्या गटांवर आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो आहे : आपल्याच माणसाला कोर्टात खेचता? तोंडी उत्तरे देऊन आम्ही थकलो. म्हणून हे लेखी उत्तर.

आधी हकीकत सांगतो.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही चौघे वस्तीत अभ्यासिका चालवतो. आमच्यातली एक नर्स आहे, एक एसटीत कंडक्टर, दोघे पूर्णवेळ सामाजिक कामात. कधी मुलांना परीक्षा केंद्रावर पोहोचवायचे असते, कधी कुणाच्या आईला जिल्हा रुग्णालयात न्यायचे असते. दोन मोटारसायकलींवर हे किती दिवस चालणार? म्हणून सात माणसे बसतील अशी जुनी गाडी घ्यायचे ठरले. प्रत्येकी साठ हजार जमवले. कमी पडणारे पंचेचाळीस हजार आमच्यातल्या नर्सच्या आईने बचत गटातून उचलून दिले. असे २ लाख ८५ हजार झाले.

गावात जुन्या गाड्या विकणारे सहा-सात जण आहेत. आम्ही नेमके ‘आपल्या’ माणसाकडे गेलो, आणि ते विचारपूर्वक गेलो. ‘आपला पैसा आपल्या माणसाच्या दुकानात’ हे वाक्य आम्ही स्वतः किती सभांत बोललो असू, त्याचा हिशेब नाही. या माणसाचा बाप मोंढ्यात हमाली करायचा. हा दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये पोऱ्या म्हणून राबला, हातात कला आली, मग स्वतःचे ऑफिस टाकले. आमच्या वस्तीतून मोंढ्यात पाठीवर पोते घेऊन गेलेल्या माणसाचा मुलगा काचेच्या दाराआड खुर्चीत बसतो, याचा आम्हाला अभिमान होता. त्याच्या त्या प्रवासाबद्दल आजही आहे.

गाडीची माहिती त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवली : ६२ हजार किलोमीटर, एक मालक, कुठेही ठोकलेली नाही. भेटल्यावर म्हणाला, “ताई, तुम्हाला खोटं सांगून मी जाऊ कुठं? रविवारी विहारात तोंड दाखवायचंय.”

आम्ही दहा हजार टोकन फोनवरून पाठवले. १ लाख ७५ हजार बँकेतून दिले. उरलेले एक लाख त्याने रोख मागितले. “कागदावर एक पंच्याऐंशीच दाखवू, टॅक्सचं लफडं नको,” असे तो म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. पक्के बिल मागितले नाही. खरे सांगायचे तर मागायची लाज वाटली. आपल्या माणसाकडे बिल मागणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे, असे मनात आले. त्याने छापील ‘सौदा पावती’ दिली. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की गाडी जशी आहे तशी पाहून घेतली, नंतर तक्रार चालणार नाही. आम्ही सही केली. हे फेब्रुवारी २०२४ मधले.

मार्चमध्ये दहावीच्या पाच मुलींना घेऊन आम्ही केंद्रावर निघालो होतो. अकराचा पेपर, साडेदहापर्यंत पोहोचायचे. मधल्या माळावर गाडी तापली, बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन बंद पडले. मुली रस्त्याच्या कडेला उभ्या राहून पुस्तक वाचत होत्या आणि आम्ही येणाऱ्या प्रत्येक वाहनाला हात करत होतो. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्याने कॅनांच्या मध्ये जागा करून मुलींना नेले. पेपर चुकला नाही. चुकला असता, तर आज हा लेख लिहिण्याइतके शांत आम्ही राहिलो असतो का, सांगता येत नाही.

मिस्त्रीने ऑइलचे झाकण उघडून दाखवले. खाली दुधासारखा पांढरा फेस होता. पाणी तेलात उतरले होते, हेड गॅस्केट गेले होते. मग त्याने बॉनेटखाली बोट दाखवले. “एप्रन कापून जोडलाय. ही गाडी समोरून जोरात ठोकलेली आहे.” आरसी घेऊन आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या नोंदीत ऑगस्ट २०२२ मध्ये मीटर १ लाख १८ हजारांवर होते. आमच्या मीटरवर तेव्हा ६४ हजारही नव्हते. मीटर मागे फिरवलेले होते. दुरुस्तीचा अंदाज ८८ हजार निघाला.

आम्ही त्याच्याकडे गेलो. पहिल्यांदा तो म्हणाला, बघू. दुसऱ्यांदा म्हणाला, जुन्या गाडीला गॅरंटी नसते. तिसऱ्यांदा म्हणाला, मी तर नुसता मध्यस्थ, आरसी मूळ मालकाच्या नावावरून तुमच्या नावावर झाली, त्यालाच विचारा. चौथ्यांदा म्हणाला, समाजात बदनामी केली तर मीही गप्प बसणार नाही.

मग विहारात बैठक बसली. ज्येष्ठांनी तोडगा काढला : त्याने वीस हजार द्यावेत, आम्ही विषय बंद करावा. ज्यांच्या बोटाला धरून आम्ही चळवळीत आलो, ते काका म्हणाले, “पोरांनो, घरातलं भांडण घरात मिटवा. बाहेरच्यांना हसायला कशाला देता?”

काकांचे म्हणणे आम्ही हलके लेखत नाही. इतर जातीच्या दुकानदाराने फसवले तर लोक म्हणतात, तो माणूस लबाड आहे. आपल्या माणसाने फसवले तर म्हणतात, हे लोक असेच. एकाच्या चुकीचा दंड सगळ्या समाजाला भरावा लागतो, हा जातीचा नियम आहे. आपल्यातला पहिल्या पिढीचा व्यावसायिक किती बारीक दोरीवर चालतो हे आम्हाला ठाऊक आहे. बँक त्याला सहज कर्ज देत नाही, बाजारपेठेत जागा भाड्याने देताना आडनाव विचारले जाते. त्याचे दुकान बंद पडले तर हसणारे पुष्कळ आहेत. हे सगळे खरे आहे. तरीही आम्ही वीस हजार घेतले नाहीत. का घेतले नाहीत, तोच या लेखाचा मुद्दा आहे.

वापरलेल्या गाड्यांच्या बाजारावर अर्थशास्त्रात एक प्रसिद्ध निबंध आहे. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी तो १९७० साली लिहिला आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यातला विचार साधा आहे. विकणाऱ्याला गाडीतला दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. चांगली गाडी आणि खराब गाडी घेणाऱ्याला सारखीच दिसते, म्हणून तो दोन्हींना सारखाच बेताचा भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. बाजारात हळूहळू खराब मालच जास्त उरतो.

मग घेणारा काय करतो? माहितीची जागा भरून काढायला ओळखीचा आधार घेतो. मित्राचा मित्र, गावचा, नात्यातला, जातीतला. समाजशास्त्र शिकताना हे आम्ही वाचले होते, आणि तरीही तेच केले. इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या जातींत शब्दाला वजन असते, कारण शब्द मोडणाऱ्याची पत जाते, उधारी बंद होते. तिथे आपुलकीच्या मागे शिक्षा उभी असते. आपल्याकडे पहिल्या पिढीचा दुकानदार आहे आणि पहिल्या पिढीचे गिऱ्हाईक. आपुलकी आहे, पण शब्द मोडला तर काय, याची काहीच व्यवस्था नाही. अशा ठिकाणी ‘जय भीम’ हा शब्द नकळत पावतीचे काम करू लागतो. आणि ज्याला फसवायचे आहे, त्याच्यासाठी यापेक्षा स्वस्त पावती दुसरी नाही.

या दिवसांत आम्हाला चाळीसगाव फार आठवले. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगाव स्टेशनवर उतरले, तेव्हा तिथले बांधव त्यांना वस्तीत न्यायला आले होते. एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. पाहुण्याला पायी नेणे वस्तीला कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक जण बसला, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती. मोरीवर चाक दगडाला धडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यात मुख्य गुन्हा जातीचाच आहे, याबद्दल वाद नाही. पण त्या दिवशी टांग्यावर बसलेल्या माणसाच्या मनात बाबासाहेबांविषयी प्रेम कमी नव्हते. लगाम धरता येत नव्हता, एवढेच. प्रेमाने चाक रस्त्यावर राहत नाही. आणि आमच्या बाबतीत तर हाकणाऱ्याला हाकता येत होते, त्याने जाणूनबुजून चाक वळवले होते.

‘घरातलं घरात मिटवा’ हे वाक्य आम्ही कामाच्या निमित्ताने रोज ऐकतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला हेच सांगितले जाते, आणि सांगणारे तेच असतात, समाजातले वडीलधारे. तिला आम्ही काय सांगतो? पोलीस ठाण्यात चल, संरक्षण अधिकाऱ्याकडे चल, कायदा तुझ्या बाजूने आहे. तिच्या घराची बदनामी आम्हाला चालते आणि दुकानदाराची चालत नाही, असे कसे? समाजाच्या नावाने तक्रार मागे घ्यायला लावणे ही जातपंचायतीची पद्धत आहे. तिच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला, तेव्हा आपण त्याचे स्वागत केले होते. दुसऱ्यांच्या जातपंचायती मोडायच्या आणि आपली विहाराच्या ओट्यावर भरवायची, हे धम्मात बसत नाही. बुद्धाने कालामांना सांगितले ते हेच, की एखादी गोष्ट परंपरेने चालत आली म्हणून किंवा सांगणारा आदरणीय आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा. ‘एहिपस्सिको’, या आणि पाहा, हे धम्माचे लक्षण आहे. गाडी विकणाऱ्यालाही ते लावायला हरकत नसावी.

आणि कोर्टात जाणे म्हणजे द्रोह, हे आपल्यात कुठून आले? २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. त्याच डिसेंबरात विरोधकांनी दावा लावून मनाई हुकूम आणला. बाबासाहेब त्या दाव्यात प्रतिवादी होते. तारखा पडत राहिल्या आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, आपल्या बाजूने. पाण्याच्या एका ओंजळीसाठी ज्या माणसाने दहा वर्षे कागद सांभाळले, त्याच्या अनुयायांना बिल सांभाळायची लाज वाटते. आम्हाला वाटली, म्हणून म्हणतो.

ग्राहक हक्क हा विषय आपल्या व्यासपीठावर येतच नाही. महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीचे काम १९७४-७५ पासून सुरू आहे. ते पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाचे काम, असे म्हणून आपण त्याकडे पाहिले नाही. पण संविधान उघडून पाहा. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांच्या प्रवेशाबद्दल बोलतो. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकायला नकार देणे हा गुन्हा आहे. दुकानात पाय ठेवण्याचा हक्क ज्यांना लढून मिळवावा लागला, तो समाज या देशातला सगळ्यात जुना ग्राहक आंदोलक आहे. दुकानात शिरण्याचा हक्क मिळाल्यावर आत खरा माल मागण्याचा हक्क, ही पुढची पायरी आहे. ती आपण सोडून दिली.

आता आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो, कारण उपयोग त्याचाच होईल.

पोलीस ठाण्यात फसवणुकीचा अर्ज दिला. अर्ज घेतला, पण ‘हे दिवाणी आहे’ असे सांगून बाजूला ठेवला. मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. उत्तर आले नाही. जून २०२४ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगात ई-दाखिल पोर्टलवरून तक्रार दाखल केली. आता त्याची जागा ई-जागृती पोर्टलने घेतली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेली मोठी सोय अशी, की तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पुण्यातल्या डीलरकडून गाडी घेतली म्हणून पुण्याच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो.

पुरावा म्हणून व्हॉट्सअॅपचे संदेश लावले. ते इलेक्ट्रॉनिक पुरावे असल्याने सोबत प्रमाणपत्र जोडले, जे आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली लागते. फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, बँकेचा उतारा, सर्व्हिस सेंटरचा कागद, मिस्त्रीचे शपथपत्र आणि गाडीचे फोटो लावले. दुरुस्ती करून घेतली नाही. गाडी दीड वर्ष अभ्यासिकेच्या मागे झाकून उभी राहिली. तिला हात लावला असता तर दोषाचा पुरावाच गेला असता.

सामनेवाल्याचे तीन बचाव होते. तिन्ही पाठ करून ठेवावेत असे आहेत, कारण ते प्रत्येक डीलर घेतो.

पहिला, ‘जशी आहे तशी’ घेतली, सही केली आहे. ही अट झिजलेल्या टायरला आणि जुन्या बॅटरीला चालेल. मीटर फिरवणे आणि अपघात लपवणे हे खोटे सांगणे आहे. मालाच्या दर्जाबद्दल खोटे सांगणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल न देणे हीसुद्धा. बारीक अक्षरांतली ओळ खोट्याला खरे करत नाही.

दुसरा, मी फक्त मध्यस्थ. १ एप्रिल २०२३ पासून मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी वेगळी तरतूद आली आहे. डीलरने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यायचे असते. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर द्यायची असते आणि त्यानंतर विकली जाईपर्यंत डीलरच मालक मानला जातो. याच्याकडे अधिकारपत्र नव्हते. पण पैसे त्याच्या खात्यात गेले होते, भाव त्याने ठरवला होता, जाहिरात त्याची होती.

तिसरा, हे लोक संस्थेसाठी गाडी वापरतात, म्हणून ग्राहकच नाहीत. नफ्याच्या धंद्यासाठी घेणारा ग्राहक ठरत नाही, हे खरे. आमच्या वापरात नफा नव्हता, त्यामुळे हा मुद्दा टिकला नाही. आपल्या तरुणांनी मात्र एक लक्षात ठेवावे : स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेला जुना टेम्पो किंवा रिक्षा असेल, तर कायदा त्या घेणाऱ्यालाही ग्राहक मानतो. आणि याची दुसरी बाजूही आहे. धंदा म्हणून गाड्या न विकणाऱ्या शेजाऱ्याकडून थेट गाडी घेतली, तर ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा मिळत नाही. मग दिवाणी कोर्ट किंवा पोलीस.

खटल्याला वळण मिळाले ते मूळ मालकामुळे. त्यालाही आम्ही सामनेवाला केले होते. तो उच्च जातीतला निवृत्त शिक्षक. खोटेपणाचे मूळ तोच असणार, असे आम्ही गृहीत धरले होते. गृहीत धरायला आमच्याकडे त्याच्या आडनावाशिवाय काहीही नव्हते, हे इथे कबूल करतो. त्याने शपथपत्र दिले की गाडी आपण १ लाख ४० हजारांना या डीलरलाच विकली, समोरून अपघात झाल्याचे सांगून विकली, आणि ताबा देताना मीटर १ लाख ३१ हजारांवर होते. त्या दिवशी काढलेला मीटरचा फोटो त्याच्या फोनमध्ये होता. कागद सांभाळायची सवय त्याला होती. ‘आपला’ खोटे बोलला आणि ‘परका’ खरे बोलला. यावरून जात संपली असा अर्थ कुणी काढू नये. अर्थ इतकाच, की खरेखोटे ठरवायला जात हे माप चालत नाही. आपण ज्या मापाने मोजले गेलो, त्याच मापाने आम्ही मोजत होतो.

कायदा म्हणतो, नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा, तपासणी लागली तर पाच. आमचा निकाल पंधरा महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये लागला. गाडी परत घ्यावी, १ लाख ८५ हजार सहा टक्के व्याजाने द्यावेत, त्रासाचे पंधरा हजार आणि खर्चाचे पाच हजार द्यावेत. अपील करायचे तर पंचेचाळीस दिवसांत, आणि रकमेचा अर्धा भाग आधी भरून. आदेश पाळला नाही तर तुरुंगवासाची तरतूद आहे. त्याने अपील केले नाही. डिसेंबरात शेवटचा हप्ता दिला. आलेल्या पैशातून सगळ्यात आधी बचत गटाचे कर्ज फेडले.

१ लाख ८५ हजार का, २ लाख ८५ हजार का नाही? कारण रोख दिलेल्या एक लाखाचा कागद नव्हता. आयोगाने विचारले, पुरावा काय? आमच्याकडे उत्तर नव्हते. कागदावर कमी रक्कम दाखवायला आम्हीच होकार दिला होता. रविवारी पंचशील म्हणताना ‘मुसावादा’ हा शब्द तोंडात येतो, तेव्हा आम्हाला तो एक लाख आठवतो. त्याच्या खोट्यात आमचेही एक लहान खोटे मिसळले होते आणि त्याची किंमत आम्ही रोख मोजली.

पैशापलीकडेही किंमत मोजली. दोन वर्षे जयंती मंडळाच्या बैठकीचे निरोप आम्हाला आले नाहीत. आमच्यातल्या कंडक्टरच्या वडिलांचे आणि डीलरच्या वडिलांचे चाळीस वर्षांचे येणेजाणे होते, ते थांबले. हे भरून देणारा आदेश कुठलाही आयोग काढू शकत नाही. काकांची भीती पूर्णपणे खोटी नव्हती.

पण दुसरेही काही घडले. निकालानंतर वस्तीतली तीन मुले आमच्याकडे कागद घेऊन आली. एकाची फायनान्स कंपनीने ओढून नेलेली रिक्षा, एकाचा कोचिंग क्लासच्या फीचा वाद, एकाचा जुना टेम्पो. तिघेही गप्प बसले होते, कारण समोरचा ओळखीचा होता. बदनामी झाली ती समाजाची नाही. समाजातल्या एका माणसाने खोटे सांगितले आणि समाजातल्याच चार माणसांनी ते कायद्याने सिद्ध केले. यातली दुसरी गोष्टही समाजाच्याच नावावर जमा करा, एवढीच आमची मागणी आहे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत असे बजावले होते. आम्ही बंधुता तोडून घेतली होती, समता दुकानाबाहेर ठेवून. विकणारा आणि घेणारा समान तेव्हाच होतात, जेव्हा दोघांच्या हातात सारखाच कागद असतो. बंधुतेला बिलाची भीती वाटत असेल, तर ती बंधुता नाही, मिंधेपणा आहे.

म्हणून जयंती मंडळांना एक सूचना. ज्या व्यावसायिकांची वर्गणी आपण घेतो आणि ज्यांचे फोटो बॅनरवर लावतो, त्यांना एकच अट घाला : गिऱ्हाइकाला पक्के बिल द्यायचे. यातून प्रामाणिक व्यावसायिकाचे नुकसान होणार नाही, फायदाच होईल. आज त्याला आणि लबाडाला आपण एकाच ‘जय भीम’ने ओळखतो. फरक दाखवायला त्याच्या हातात काही तरी द्यायला हवे.

आणि तरुण मित्रांनो, जुनी गाडी घ्यायची असेल तर आरसी घेऊन आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि नोंदी पाहा. मागच्या विम्यावर नो-क्लेम बोनस शून्य असेल तर कारण विचारा. डीलरचे अधिकारपत्र मागा. आपला मिस्त्री सोबत न्या. जे तोंडी सांगितले जाते, ते व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. सगळे पैसे बँकेतून द्या, एक रुपयाही कागदाबाहेर देऊ नका.

हे सगळे करा आणि गाडी जरूर आपल्या माणसाकडूनच घ्या. आम्हीही पुढची गाडी आपल्याच माणसाकडून घेणार आहोत. फक्त या वेळी, भेटल्यावर जय भीम म्हणू आणि निघताना बिल मागू.

जय भीम! नमो बुद्धाय!